स्टिअरिंगमधला खेळ

नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याचा इतिहास लिहिणारे लासलगावच्या बाजार समितीवर लिहितात, भावांवर लिहितात. हा कांदा ज्या ट्रकांनी कसारा घाट उतरून मुंबईला नेला, त्यांच्या स्टिअरिंगवर कुणी लिहीत नाही.

टेल्कोनं १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून ट्रक काढले. करार १९६९ ला संपला, पण आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते, त्यांच्या जुन्या गाडीला शेवटपर्यंत ‘मर्सिडीज’च म्हणत. दहावी झाल्यावर मी काही वर्षं तिच्यावर क्लीनर होतो. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. भरली गाडी वळवायला दोन्ही खांदे लागत. त्यात खेळ आलेला. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी पुढची चाकं जागची हालायची नाहीत. ओझरपर्यंत सपाटीला ते खपून जायचं. इगतपुरी सुटली, उतार लागला, की तात्यांचं बोलणं बंद.

खेळ आला की जो तो स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळायचा. फुकटातलं काम! बॉक्सात आट्यांच्या दांड्यावर नट सरकतो, मध्ये पोलादी छर्रे. गाडी जास्त करून सरळच चालते, म्हणून झीजही मधल्या भागाची जास्त. ती भरून काढायला स्क्रू आवळला तर जिथं झीज नाही तिथं, म्हणजे नेमकं वळणावर, स्टिअरिंग जाम धरतं.

नाशिकला द्वारका भागातल्या एका मिस्त्रीनं बॉक्सला हातच लावला नाही. तो गाडीखाली झोपला. मला म्हणाला, स्टिअरिंग इकडं-तिकडं थोडं हालव. एकेका जोडावर बोट ठेवत गेला. ड्रॅगलिंकची वाटी इतकी झिजलेली, की बॉल निसटायच्या बेतात होता. पिनच्या जागी साधी तार. “भाग बदलल्याशिवाय घाटात जायचं नाही,” तो म्हणाला. भरला कांदा दोन दिवस उभा राहिला. खेपेचं सगळं भाडं टायरॉड एंड, ड्रॅगलिंक आणि किंगपिनच्या बुशांत गेलं. तात्या चिडले, पण थांबले. बॉक्सचा स्क्रू सगळ्यात शेवटी, तोही जरासा.

पुढं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ९८ व्या नियमानं सांगितलं, की स्टिअरिंगचा खेळ ३० अंशांहून जास्त नको. म्हणजे घड्याळाच्या एका तासाएवढा. बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, बोल्ट-पिना पक्क्या हव्यात. आमचा मिस्त्री वेगळं काय सांगत होता?

आता पॉवर स्टिअरिंग आलं. तेलाचा दाब जोर लावतो, पोरगं एका हातानं गाडी वळवतं. चांगलंच झालं. पण जोडांची झीज त्यानं थांबत नाही. हाताला ती कळायची, ते मात्र कमी झालं. जुनी पिकअप घेताना पोरं इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर बघतात. खाली वाकून त्या रबरी टोप्या फाटल्यात का, ते बघत नाहीत. फाटक्या टोपीतनं धूळ, पावसाचं पाणी आत जातं आणि ग्रीस धुऊन निघतं.