चाकावरून माणूस

दिवाळीच्या सुमारास वऱ्हाडात पऱ्हाटीची बोंडे फुटू लागतात आणि अकोल्या-अमरावतीच्या वाटांवर बाभळीच्या काट्यांना कापूस लटकलेला दिसतो. या वाटांवर गाडी पाहून माणूस ओळखण्याची रीत फार जुनी. ओझ्याची बंडी दिसली की आत कास्तकार असायचा. झूल पांघरलेल्या, घुंगरमाळा वाजविणाऱ्या बैलांची दमणी दिसली की देशमुख, पाटील, नाहीतर माहेरी निघालेली त्यांची लेक! धुळीच्या लोटातून चेहरा दिसण्याआधीच माणसाची किंमत ठरून जाई.

पूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून दूरदेशी जाई. १८४२ साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैल भरून कापूस मिर्झापूरच्या वाटेने कलकत्त्याला धाडला, असे गॅझेटियर सांगते. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हातात एकाएकी खेळू लागलेल्या पैशाचे करायचे काय? शेजारच्या मध्यप्रांतातील कापूसपट्ट्याविषयी त्या वेळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे की, कुठे कुठे नांगराला चांदीचा फाळ आणि गाडीच्या चाकांना चांदीची धाव दिसू लागली. मनाजोगत्या रंगाच्या पळाऊ बैलजोडीला मागेल ती किंमत मिळू लागली.

अशी चाके ती किती असणार? पण डोळ्यांत भरली ती तीच. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' म्हणणाऱ्या जगाने साऱ्या वऱ्हाडची पारख चांदीच्या चाकावरून केली. युद्ध संपले, भाव कोसळले. कर्ज मात्र राहिले. दाराशी दमणी पाहून सावकाराला पैसे द्यायला धीर येई, आणि कर्जात बुडालेल्या घरधन्याला तीच दमणी विकवत नसे. दमणी गेली म्हणजे पत गेली! पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात चारापाण्यावाचून गुरे पटापट मेली. चाके अंगणात राहिली, ओढणारे गेले.

१८६७ साली आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोहोचली होती. मागाहून मोटारी आल्या, पण पारख करणारे डोळे तेच राहिले. जीप दिसली की लोक म्हणत, साहेब नाहीतर पुढारी. फियाट दिसली की डॉक्टर नाहीतर वकील. १९५७ पासून २०१४ पर्यंत निघत असलेली अ‍ॅम्बॅसडर पांढरी असली, की रस्त्यावरचा शिपाई आत कोण आहे हे न पाहताच सलाम ठोकी. २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांच्या शेतकऱ्यांसाठी केंद्र सरकारने मदतीची योजना जाहीर केली, त्यांत अमरावती आणि अकोला होतेच. त्या दिवसांतही 'दाराशी फटफटी आहे, मग दुःख कसले?' असे विचारणारे भेटत. ती फटफटी हप्त्यांची होती, हे चाकावर लिहिलेले नसते.

शूद्रकाने ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. 'मृच्छकटिका'त चारुदत्ताच्या गाडीत आर्यक लपून जातो. गाडी चारुदत्ताची, आत वसंतसेना, एवढे ऐकून एक पहारेकरी ती न तपासताच सोडू पाहतो. पण पुढे राजा होणारा पुरुष तीत बसलेला असतो! आणि त्याच नाटकात शेजाऱ्याच्या सोन्याच्या गाडीसाठी रडणारे पोर आपल्या मातीच्या गाडीला नाक मुरडते. आपण मोठी माणसे त्या पोराहून फारशी शहाणी झालेलो नाही.

आमच्या वऱ्हाडने यावर एक उत्तर देऊन ठेवले आहे. गाडगेबाबांनी सारे आयुष्य खराटा हाती घेऊन पायी काढले. उत्तरायुष्यात त्यांना मोटारीनेही फिरावे लागले. मोटारीत बसलेला हा चिंध्या पांघरलेला म्हातारा कोणत्या वर्गात घालायचा? २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. ज्यांच्या नावाने धर्मशाळा उभ्या राहिल्या, त्यांच्या मालकीचे घर नव्हते, आणि गाडीही नव्हती.

यंदा पाहुणे दाराशी येतील तेव्हा गाडी फाटकापाशीच राहू द्या. पणतीचा उजेड चाकावर नव्हे, चेहऱ्यावर पडू द्या.