कळलावी
कळलावी (शास्त्रीय नाव: ग्लोरिओसा सुपर्बा) ही कॉल्चिकेसी कुलातील कंदयुक्त, बहुवर्षायू वेल आहे. पूर्वी तिचा समावेश लिलिएसी म्हणजे पलांडू कुलात केला जात असे. त्यामुळे लिलीवर्गीय रानफूल म्हणून ती ओळखली जाते. आफ्रिकेचा उष्ण प्रदेश, भारतीय उपखंड आणि आग्नेय आशिया हे तिचे मूळ क्षेत्र होय. महाराष्ट्रात कोकणापासून मराठवाड्यापर्यंत ती पावसाळ्यात आढळते. तमिळनाडूचे ती राज्यफूल, तर झिम्बाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे. या लेखात बीड जिल्ह्यातील तिचा अधिवास व संवर्धन यांचा विशेष विचार केला आहे.

नावे
मराठीत तिला खड्यानाग, वाघनखी, अग्निशिखा अशीही नावे आहेत. कंदाचा आकार नांगरासारखा असल्यामुळे संस्कृतात तिला 'लांगली' म्हणतात. 'कळ' या शब्दाला वेदना आणि भांडण असे दोन्ही अर्थ आहेत. प्रसूतिकळा सुरू होण्यासाठी कंदाचा लेप लावण्याची प्रथा होती, तिच्यावरून हे नाव पडले असे मानतात. हे फूल घरात आणल्यास भांडणे लागतात, असा लोकसमज दुसऱ्या अर्थाशी जुळणारा आहे. याउलट कोकणात गौरीपूजनात या फुलांना मान आहे.

वर्णन
पावसाळ्याच्या आरंभी कंदापासून कोंब फुटतो. पानांची टोके तणाव्यासारखी गुंडाळलेली असून त्यांच्या आधाराने वेल शेजारच्या झुडपावर चढते. फुलाच्या सहा पाकळ्या अरुंद, नागमोडी कडांच्या व मागे वळलेल्या असतात. त्या प्रथम हिरवट पिवळ्या, नंतर नारिंगी व अखेरीस लालभडक होतात. कुक्षिवृंत तळाशी काटकोनात एका बाजूस वळलेला असल्याने स्वपरागणास अटकाव होतो. फळ तडकल्यावर आतील नारिंगी-लाल बिया दिसतात. पावसाळा सरल्यावर वेल वाळून जाते आणि कंद जमिनीखाली सुप्तावस्थेत राहतो.

इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या या कंदाच्या प्रत्येक भुजेच्या टोकाशी साधारणतः एकच डोळा असतो. तो मोडल्यास ती भुजा रुजत नाही. बी उशिरा रुजते आणि त्यापासून आलेल्या रोपास फुलावर येण्यास तीन-चार वर्षे लागू शकतात.

बीड जिल्ह्यातील अधिवास
बालाघाट डोंगररांगेमुळे बीड जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेस गोदावरीकाठची सखल, काळ्या मातीची गंगथडी आहे, तर दक्षिणेस खडकाळ, मुरमाड पठार आहे. साचलेल्या पाण्यात कळलावीचा कंद कुजतो. त्यामुळे निचऱ्याची उतारावरील जमीन तिला मानवते. पाटोदा, आष्टी, धारूर, अंबाजोगाई आदी तालुक्यांच्या डोंगराळ भागात असा अधिवास आहे. येथील वनस्पतिजीवन शुष्क पानझडी व काटेरी झुडपी प्रकारचे असून बोर, तरवड, सीताफळ यांसारखी झुडपे वेलीला आधार देतात. शेताचे जुने बांध, कुंपणे, ओढ्यांचे काठ आणि गायराने येथेही तिला आश्रय मिळतो. विषारी असल्याने जनावरे सहसा तिला तोंड लावत नाहीत.

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर लिहिलेल्या ग्रंथाच्या (१९०१-०८) कक्षेत हा प्रदेश नव्हता. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

विषारीपणा व उपयोग
वनस्पतीच्या सर्व भागांत, विशेषतः कंद व बियांत, कॉल्चिसीन हे विषारी अल्कलॉइड असते. कंद रताळे किंवा अन्य रानकंद समजून खाल्ल्यास तीव्र उलट्या व जुलाब होतात, अनेक अवयव निकामी होतात आणि मृत्यूही ओढवतो. यावर खात्रीशीर उतारा सहज उपलब्ध नसल्याने रुग्णास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते. आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांत होते. कॉल्चिसीन हे गाऊट या सांधेविकारावरील औषध आहे. पेशीविभाजन रोखण्याच्या गुणामुळे वनस्पतिप्रजननातही त्याचा वापर करतात.

धोके
जागतिक पातळीवर ही जाती संकटग्रस्त मानली जात नाही. मात्र स्थानिक पातळीवर ती नाहीशी होऊ शकते. औषधासाठी कंद खणून नेल्यास वेलच संपते आणि बियांपासून तिची जागा भरून येण्यास काही वर्षे जातात. यंत्राने बांध कोरणे, झुडपे काढून टाकणे, तणनाशकांची फवारणी, मुरूम व दगड यांचे उत्खनन यांमुळे कंद आणि वेलीचा आधार दोन्ही नष्ट होतात. उन्हाळ्यात वेल जमिनीवर दिसत नसल्याने त्या काळात केलेल्या खोदकामात कंद नकळत उखडले जातात.

संवर्धन
पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य सुमारे २९.९० चौ.किमी.चे आहे. मोरांसाठी घोषित झालेल्या या अभयारण्यात झुडपी वनालाही कायद्याचे संरक्षण मिळते. जिल्ह्याच्या सुमारे १०,६९३ चौ.किमी. क्षेत्राच्या तुलनेत मात्र हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. त्यामुळे अभयारण्याबाहेरील बांध, गायराने व डोंगरउतार यांचे महत्त्व मोठे आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात. लोकजैवविविधता नोंदवहीत अशा वनस्पतींची ठिकाणे, स्थानिक नावे व उपयोग यांची नोंद करता येते.

राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या प्राधान्य-यादीत कळलावीचा समावेश आहे. तमिळनाडूत बियांसाठी तिची मोठ्या प्रमाणावर लागवड होते. बी काढून घेतले तरी कंद जमिनीत राहतो व पुढील पावसाळ्यात पुन्हा फुटतो. त्यामुळे अशी लागवड रानातील कंद खणण्यास पर्याय ठरते. नैसर्गिक अधिवासात मात्र काही फळे वेलीवरच पक्व होऊन तडकू देणे आवश्यक असते, कारण नव्या ठिकाणी तिचा प्रसार मुख्यत्वे बियांपासूनच होतो.