घरच्या सीएनसी राउटरवर लाकडी भेटवस्तू कशा बनतात? आणि त्यांना ‘हॅन्डमेड’ म्हणायचं का?

दिवाळी किंवा लग्नसराई जवळ आली की इन्स्टाग्रामवर लाकडी नेमप्लेट, नाव कोरलेले पेनस्टँड आणि किचेन यांचा पूर येतो. बऱ्याच वस्तूंवर ‘हॅन्डमेड’ लिहिलेलं असतं. व्हिडिओत मात्र एक छोटं मशीन आपोआप फिरताना दिसतं, आणि खाली कमेंट ठरलेली: मग हे हातानं बनवलं कसं?

ते मशीन बहुतेक वेळा सीएनसी राउटर असतं. कॉम्प्युटरनं दिलेल्या आकड्यांप्रमाणे फिरतं कटर हलवून ते लाकूड कोरतं. (लेझर मशीन वेगळं. ते लाकूड जाळतं, त्यामुळे त्याची रेघ तपकिरी-काळी दिसते. राउटरनं कोरलेल्या खाचेत लाकडाचा मूळ रंग राहतो.) आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन अमेरिकेतल्या एमआयटीनं १९५२मध्ये दाखवलं. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या वर्कशॉपमध्ये धातू कापणारी सीएनसी मशीन आता रोजचीच आहेत. घरच्या टेबलावर हे तंत्र आलं ते मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत. अर्डुइनो हा स्वस्त बोर्ड २००५मध्ये इटलीत आला आणि त्यावर चालणारं ‘ग्रबल’ हे मोफत सॉफ्टवेअर नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी २००९मध्ये लिहायला घेतलं. जगभरातली बरीचशी घरगुती मशीन आजही याच जोडीवर चालतात.

पुणे जिल्ह्याचं या गोष्टीत स्वतःचं पान आहे. शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. ‘करत शिकणं’ हा त्याचा पाया. २००२मध्ये याच आश्रमात एमआयटीच्या मदतीनं फॅब लॅब उभी राहिली. फॅब लॅब म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन सामान्य माणसाला वापरता येतील अशी कार्यशाळा. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये पाबळचं नाव घेतलं जातं. ‘वस्तू विकत घेण्याआधी बनवून बघू’ हा विचार इथे इन्स्टाग्रामच्या कितीतरी आधी पोहोचला होता.

मशीनच्या पोटात काय असतं?

डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली अशा तीन दिशा, आणि प्रत्येक दिशेला एक स्टेपर मोटार. ही मोटार एका फेरीत २०० पावलं टाकते. ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे आठ भाग करतो, म्हणजे फेरीला १,६०० पावलं झाली. मोटारीला जोडलेला स्क्रू एका फेरीत ८ मिलिमीटर सरकत असेल, तर एका मिलिमीटरला २०० पावलं पडतात. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरावा लागतो. एका दिशेचा आकडा चुकला, की गोल मागितला तर अंडाकृती हाती येते. खरी अडचण मात्र सांगाड्याची. सांगाडा लवचिक असेल तर कटर लाकडात शिरताना थरथरतं आणि कडा खरबरीत निघते. म्हणून अनुभवी मंडळी मोटारीपेक्षा सांगाड्यावर जास्त खर्च करतात, आणि ते बरोबरच आहे.

मराठी नाव कोरताना

इंग्रजी अक्षरं आरपार कापली तर सुटी पडतात आणि ती फळीवर चिकटवावी लागतात. देवनागरीत शिरोरेघ बहुतेक अक्षरं धरून ठेवते, त्यामुळे ‘रमा’सारखं नाव एका सलग तुकड्यात कापता येतं. पण अनुस्वार हातचा निसटतो. ‘मंदार’मधला ठिपका शिरोरेघेला चिकटलेला नसतो, तो कापताच भुशाच्या ढिगात जातो. तो ठिपका रेघेला हळूच टेकवणं किंवा मागे पातळ फळी देणं, हे डिझाइन करतानाच ठरवावं लागतं.

दुसरी गंमत फाँटची. प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. स्क्रीनवर ते कळत नाही, मशीन मात्र प्रत्येक बाह्यरेषा इमानदारीत कापतं आणि शिरोरेघेत मधेमधे चिरा पाडतं. त्यासाठी इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे आकार जोडून एकच बाह्यरेषा करावी लागते. जोडाक्षरं नीट न दाखवणारी सॉफ्टवेअर अजून आहेत. तिथे ‘प्रज्ञा’ मोडून पडते आणि ग्राहकाला ते लाकूड कापल्यावर दिसतं.

फळीवर खोदायचं असेल तर टोकदार व्ही-बिट वापरतात. रेघ जितकी रुंद, तितकं ते खोल जातं. ९० अंशांचं टोक ४ मिलिमीटर रुंद रेघेसाठी २ मिलिमीटर उतरतं, ६० अंशांचं साधारण साडेतीन. जाड बोरूच्या वळणाचं अक्षर पातळ फळीवर कोरायला घेतलं तर टोक मागून बाहेर येऊ शकतं.

हात कुठे लागतो?

लाकूड निवडण्यापासून. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेली फळी ओली असेल तर आज सपाट दिसते आणि महिन्याभरात पीळ खाते. जुन्या वाड्यांतून निघालेलं सागवान मुरलेलं असतं, पण त्यात लपलेला एखादा खिळा कटरचा तुकडा पाडतो. आधी चुंबक फिरवून बघितलेलं बरं. गोल कटर आतला काटकोन कधीच देत नाही. ३ मिलिमीटरच्या कटरनं कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई उरते, ती पटाशीनंच काढायची. मग पॉलिश पेपर, तेल किंवा लाखेचं पॉलिश. नाव कोरायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ बऱ्याचदा घासण्यात जातो. व्हिडिओत हे दिसत नाही, कारण बघायला कंटाळवाणं असतं.

सदनिकेत हे काम करणाऱ्यांनी आवाजाआधी धुळीचा विचार करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत धरली आहे. एमडीएफच्या भुशात भर म्हणून फॉर्माल्डिहाइडची चिकटवणूक असते. मास्क आणि कटरजवळच धूळ ओढणारा व्हॅक्यूम, दोन्ही हवेत. आणि कटर एका जागी अडकलं तर लाकूड करपून धुमसू शकतं, म्हणून मशीन चालू ठेवून बाहेर जायचं नाही.

मग ‘हॅन्डमेड’ म्हणायचं का?

जीएसटीच्या २०१८च्या अधिसूचनेत हस्तकलेची व्याख्या आहे. वस्तू मुख्यतः हातानं बनलेली हवी. काही अवजारं किंवा यंत्रं वापरली तरी चालतात, पण सजावटीचं काम भरीव हवं आणि वस्तू यंत्रावर बनलेल्या तशाच वस्तूंहून स्पष्टपणे वेगळी दिसायला हवी. या कसोटीवर सावंतवाडीची खेळणी सहज बसतात. लेथ फिरतो, पण आकार कारागिराच्या हातातल्या पटाशीनं ठरतो. फाइल टाकून शंभर सारखी किचेन काढली तर ती बसणं अवघड आहे. एकाच घरासाठी आखलेली, कोपरे पटाशीनं काढलेली नेमप्लेट या दोन्हींच्या मधे कुठेतरी येते. तिथे ‘डिझाइन आणि फिनिशिंग हातानं, कोरीवकाम घरच्या सीएनसीवर’ असं लिहिणारे विक्रेतेही असतात. किंमत विचारताना ग्राहकानं यातलं काय हातानं केलं, एवढं विचारलं तरी पुरतं.