डोंगराखालची लूना



सूर्य कशावर जळतो, याचं उत्तर शाळेत एका वाक्यात संपतं: हायड्रोजनचा हेलियम होतो. हान्स बेथेने १९३९ साली त्याचा सिद्धांत मांडला. पण अशी एखादी अभिक्रिया सूर्याच्या गाभ्यात ज्या ऊर्जेला घडते, त्याच ऊर्जेला प्रयोगशाळेत मोजली गेल्याचं जाहीर व्हायला १९९९ उजाडलं.

मोजण्याची गरज मात्र जुनी. रे डेव्हिसने १९६० च्या दशकाअखेर अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत सूर्याचे न्यूट्रिनो मोजायला घेतले, ते अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश भरले. सूर्याचं गणितच चुकलं, की न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात? १९७२ मध्ये विल्यम फाउलरने एक पळवाट सुचवली. हेलियम-३ ची दोन अणुकेंद्रं एकत्र येण्याचं प्रमाण अगदी कमी ऊर्जेला एकदम वाढत असेल (म्हणजे तिथे रेझोनन्स असेल), तर न्यूट्रिनो कमीच निघणार!

आता हे तपासायचं कसं? इतक्या कमी ऊर्जेला अभिक्रिया इतक्या विरळ, की वैश्विक किरणांच्या गोंगाटात त्या ऐकूच येत नाहीत. म्हणून जमिनीखाली जायचं. (आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणीत टीआयएफआरच्या मंडळींनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर १९६५ मध्येच वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते, हे विसरू नये.) इटलीत ग्रान सासो डोंगरातून मोटारींचा बोगदा जातो, त्याला लागूनच प्रयोगशाळा आहे. वर १४०० मीटर खडक. म्युऑन दहा लाख पटींनी कमी होतात. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ५० किलोव्होल्टचा प्रवेगक बसला. प्रकल्पाचं नाव लूना! आपल्याला मोपेडच आठवणार, आणि सर्नच्या मानाने तो होताही तेवढाच.

१६.५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट या सर्वात कमी ऊर्जेला महिन्याला साधारण दोन घटना मिळायच्या. दोन! एवढ्यावर चिकाटीने बसणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. निष्कर्ष असा, की रेझोनन्स नाही. पळवाट बंद. पुढे २००१-०२ मध्ये कॅनडातल्या सडबरीच्या प्रयोगाने न्यूट्रिनो खरोखरच रूप बदलतात हे दाखवलं.

लूना थांबली नाही. ४०० किलोव्होल्टच्या नव्या यंत्रावर नायट्रोजन-१४ आणि प्रोटॉनची अभिक्रिया मोजली, तर तिचा वेग पूर्वीच्या अंदाजाच्या जवळपास निम्माच निघाला. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आकाशगंगेतल्या जुन्या तारकागुच्छांचं वय ७० ते १०० कोटी वर्षांनी वाढवावं लागलं.