पाच तास बत्तीस मिनिटं

न्यूयॉर्क, १९९०

मॅनहॅटनमधल्या एका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तुम्ही भिंतीला टेकून उभे आहात. इथला औषधांचा वास तुम्हाला नवा नाही. तुमची स्वतःची केमो नुकतीच आटोपली आहे. पायाची बोटं अजून बधिर आहेत, एक जिना चढलात की दम लागतो, आणि घरात जो येतो तो एकच सांगून जातो: ‘आता काही दिवस नुसतं पडून राहा.’

समोरून एक दाढीवाले गृहस्थ चालत येतात. तुम्हाला ओलांडून कॉरिडॉरच्या टोकाला जातात, वळतात, परत येतात. पुन्हा जातात. एक हात भिंतीजवळ आहे, तोल गेलाच तर आधार असावा म्हणून. ते फेऱ्या मोजतायत.

हे फ्रेड लेबो. जन्म १९३२, रुमानियातलं आराद गाव. न्यूयॉर्कला येऊन कपड्यांच्या धंद्यात पडले. टेनिस खेळताना दम टिकावा म्हणून पळायला लागले आणि टेनिस राहिलं बाजूला. १९७० साली सेंट्रल पार्कातल्या पहिल्या न्यूयॉर्क मॅरेथॉनचे ते एक जनक. प्रवेश फी एक डॉलर, धावायला १२७ जण, शेवटपर्यंत पोचले ५५. त्यात लेबो पंचेचाळिसावे. सहा वर्षांनी हीच शर्यत पार्काबाहेर पडली आणि शहराच्या पाचही भागांतून धावू लागली. पण तेव्हापासून लेबोंच्या वाट्याला आलं ते संयोजन. इतरांना धावायला लावणाऱ्या या माणसाला आपली पाच भागांची मॅरेथॉन कधी धावता आली नव्हती.

आता मेंदूत कॅन्सर निघालाय आणि डॉक्टर काही महिन्यांचीच भाषा बोलतायत. कॉरिडॉरमधल्या फेऱ्या मात्र चालू आहेत. तुम्ही भिंत सोडता आणि त्यांच्या मागून एक फेरी मारता. एकच. पुरे झाली.

स्टेटन आयलंड, १ नोव्हेंबर १९९२

तोफ उडते. व्हेराझॅनो पुलाच्या तोंडाशी हजारोंच्या गर्दीत तुम्ही उभे आहात, छातीवर नंबर लावून. पळता पळता लोक अंगातले जुने स्वेटर काढून कडेला भिरकावतायत, पायात येणार नाहीत इकडे लक्ष ठेवावं लागतं. पूल सुरुवातीलाच चढाचा, खाली समुद्र, वारा अंगाला झोंबणारा. बधिर बोटांना जमीन नीट कळत नाही, म्हणून तुमची नजर सारखी पावलांकडे जाते.

थोडं पुढे लेबो आहेत. वय साठ. केमो आणि रेडिएशन दोन्ही सोसून ते इथवर आलेत. शेजारी नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्झ. ही शर्यत नऊ वेळा जिंकलेली बाई! त्यांची मॅरेथॉनची सर्वोत्तम वेळ २ तास २४ मिनिटं ५४ सेकंद, म्हणजे किलोमीटरला साडेतीन मिनिटंही नाहीत. आज त्या किलोमीटरला जवळजवळ आठ मिनिटांनी पळतायत, मित्राच्या खांद्याला खांदा लावून. वेगाची सवय असलेल्या पायांना एवढं हळू पळवणं सोपं नसतं. अडीच तासांत मोकळं होणारं त्यांचं शरीर आज त्याच्या दुपटीहून जास्त वेळ रस्त्यावर राहणार आहे.

ब्रुकलिन. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव: ‘फ्रेड! फ्रेड!’ तिकडे दक्षिण आफ्रिकेचा विली म्टोलो २ तास ९ मिनिटांत सेंट्रल पार्कात पोचून जिंकलासुद्धा. तुम्ही अजून ब्रुकलिनमध्येच. इतकी वर्षं लेबो हा रस्ता पाहत आले ते शर्यतीच्या पुढे राहून. आज पहिल्यांदाच मागच्यांचा रस्ता त्यांच्या पायाखाली येतोय. पाण्याच्या टेबलांशी चेंदामेंदा झालेले कागदी पेले, सांडलेल्या सरबतानं चिकट झालेला डांबरी रस्ता, बुटाचा तळ उचलताना येणारा चर्र आवाज. हे सगळं पुढे धावणाऱ्यांच्या नशिबी नसतं.

पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास क्वीन्सबरो पूल लागतो. इथे टाळ्या नाहीत, माणसं नाहीत, फक्त चढ. तुमची छाती धडधडते, मांड्या ऐकेनात. आजारापूर्वीचे तुम्ही हा चढ एका दमात घेतला असता, हा हिशेब मनात येतोच. तुम्ही पळणं थांबवून चालायला लागता. कुणी काही म्हणत नाही. पुलाच्या उतारावर पुन्हा माणसांचा गलका ऐकू येतो आणि पाय आपोआप थोडे झपाझप पडू लागतात.

फर्स्ट ॲव्हेन्यू, ब्रॉन्क्स, मग परत मॅनहॅटन. सेंट्रल पार्कात पोचेपर्यंत नोव्हेंबरचा दिवस कलायला लागलेला. लेबो आणि वाइट्झ हातात हात घालून रेषा ओलांडतात. दोघांचे डोळे भरून आलेत. वेळ ५ तास ३२ मिनिटं. वाइट्झबाईंच्या नऊ विजयांच्या वेळा आज कुणाला आठवत नाहीत.

ही गोष्ट इथेच संपवली तर ती खोटी ठरेल. लेबोंचा कॅन्सर परत आला आणि ९ ऑक्टोबर १९९४ रोजी ते गेले. पळाल्यानं कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगू लागलं तर तिथेच थांबवा. काही महिन्यांचीच भाषा ऐकलेल्या माणसानं पुढची चार वर्षं जगताना त्यातला एक दिवस कसा घालवला, एवढंच ही शर्यत सांगते.

नॉर्वे, २००७

इथे तुम्हाला ग्रेटे वाइट्झ पुन्हा भेटतात. या वेळी आजारी त्या स्वतः आहेत. २००५ मध्ये त्यांनाही कॅन्सर झाल्याचं निदान झालं. उपचार चालू असतानाही व्यायाम त्यांनी सोडलेला नाही, आणि आता ‘आक्तिव मोत क्रेफ्त’ नावाची संस्था उभी केली आहे. या संस्थेनं नॉर्वेतल्या कॅन्सर हॉस्पिटलांतच पेशंटांसाठी व्यायामाच्या खोल्या काढायला सुरुवात केली. १९९० साली लेबोंना जे कॉरिडॉरमध्ये एकट्यानं करावं लागलं, त्याला इथे हक्काची जागा आणि शिकवणारा माणूस मिळतो. वाइट्झ १९ एप्रिल २०११ रोजी गेल्या. त्या खोल्या मागे राहिल्या.

शिकागो, जून २०२५

आता तुम्ही डॉक्टरांनी भरलेल्या एका भल्या मोठ्या सभागृहात बसला आहात. पडद्यावर आकडे येतायत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ पेशंट, ऑपरेशन आणि केमो झालेले. त्यातल्या निम्म्यांना आरोग्याची माहितीपुस्तिका दिली. उरलेल्यांना तीन वर्षं व्यायामाचा आखीव कार्यक्रम आणि पाठपुरावा करणारा मार्गदर्शक. आठ वर्षांनंतर व्यायामाच्या गटातले ९० टक्के लोक हयात होते, पुस्तिकेच्या गटातले ८३ टक्के. त्यासाठी मॅरेथॉन लागत नव्हती, आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊणएक तास झपाझप चालण्याएवढी हालचाल पुरेशी होती. हे आकडे एका प्रकारच्या कॅन्सरचे आहेत, सगळ्यांचे नाहीत, हेही लक्षात असू द्या.

पण ‘नुसतं पडून राहा’ हा सल्ला मात्र आता जुना झाला. तज्ज्ञांची २०१९ मधली शिफारस सांगते: आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम वाढेल असा व्यायाम, दोनदा ताकदीचा. तिथपर्यंत हळूहळू पोचायचं.

आणि आता तुमच्या घरी

बूट घालण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. रक्तातल्या पेशी आणि प्लेटलेट किती आहेत, हाडांपर्यंत आजार गेला आहे का, औषधांचा हृदयावर परिणाम झालाय का, हे विचारा आणि ते ‘चालेल’ म्हणाले की मगच निघा. बोटं बधिर असतील तर खाचखळगे टाळून सपाट रस्ता धरा. ताप असेल त्या दिवशी घरीच थांबा. पहिल्या आठवड्यात सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन आलात तरी चालेल. आजारापूर्वीच्या वेळेशी तुलना करू नका, ती वेळ दुसऱ्या शरीराची होती.

आणि हे घरातलं दुसरं कुणी वाचत असेल तर त्यांना एक विनंती. पेशंटला ‘आराम कर’ सांगायला एक क्षण पुरतो. वाइट्झनी त्याऐवजी स्वतःचा वेग कमी केला. तुम्हीही उद्या संध्याकाळी चपला घाला, पेशंटसोबत बाहेर पडा, आणि ते चालतील त्याच चालीनं चाला.