चाळीस दिवस, तीन मोह आणि एक मराठी पुराण

राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलेंडरवर मोजून बघा, ४६ दिवस भरतात. पण कॅथलिक लोक या उपवासकाळाला चाळीस दिवसांचा म्हणतात. हा काही बग नाही! मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, कारण रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा, म्हणजे आनंदाचा दिवस. ४६ वजा ६, झाले ४०. गोव्यात कोंकणीत याला 'करेज्म' म्हणतात. मूळ पोर्तुगीज शब्दाच्या पोटातही हा चाळिसाचा आकडाच आहे.

चाळीसच का? कारण येशू वाळवंटात चाळीस दिवस उपाशी राहिला. मत्तयच्या शुभवर्तमानात सैतान तेव्हा त्याला तीन मोह घालतो. पहिला, भूक लागलीये ना, मग या दगडांच्या भाकरी कर. दुसरा, मंदिराच्या टोकावरून उडी मार, देवदूत झेलतील. आणि तिसरा, जगातली सगळी राज्यं तुला देतो, फक्त माझ्या पाया पड. तिन्ही वेळा येशू शास्त्रवचन सांगून नकार देतो. १९६९ साली चर्चने मिस्सेतल्या वाचनांचा नवा क्रम ठरवला. त्यात एका वर्षी मत्तय, पुढच्या वर्षी मार्क, मग लूक असं तीन वर्षांचं चक्र आहे. पण वर्ष कुठलंही असो, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी वाळवंटातल्या मोहाचीच गोष्ट वाचतात.

आज वसईतल्या चर्चमध्ये ही गोष्ट मराठीत ऐकायला मिळते. ही सोय मात्र तशी अलीकडची. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना उपासनेत जागा दिली आणि शास्त्रवाचन वाढवायला सांगितलं. त्याआधी शेकडो वर्षं मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. प्रवचन तेवढं लोकांच्या भाषेत. मग सतराव्या शतकातल्या गोव्याच्या शेतकऱ्याला ही गोष्ट त्याच्या ओळखीच्या शब्दांत सांगितली कोणी?

इथे आपला हिरो येतो. फादर थॉमस स्टीफन्स, इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट धर्मगुरू. १५७९ साली तो गोव्यात आला आणि पुढची जवळपास चाळीस वर्षं इथेच राहिला, मुख्यतः साष्टी भागात (गोव्यातली साष्टी, आपली ठाण्याजवळची नव्हे). १६१६ साली रायतूरला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून झालं. जवळपास ११ हजार ओव्या! पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र, वाळवंटातल्या उपवासासकट. ज्ञानेश्वर-एकनाथांनी वापरलेला ओवी छंद, आणि स्वर्गाला शब्द वैकुंठ. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून ही मराठी रोमन लिपीत छापली गेली. चर्चमध्ये ती मोठ्याने वाचली जायची.

इथपर्यंत गोष्ट छान आहे, आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. परदेशी माणसाने मराठीचं केलेलं कौतुक आपल्याला आवडतंच. पण हे पुराण लिहायची गरज का पडली, हे खुद्द पुराणातच आहे. सुरुवातीला एक ब्राह्मण पाद्रीगुरूला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, तर त्यांच्या जागी नवीन का देत नाही?

हा प्रश्न हवेतून आलेला नाही. १५६७ च्या सुमारास पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळं मोठ्या प्रमाणावर पाडली. हिंदूंच्या धर्मग्रंथांवर बंदी आली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यावर पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि मारून टाकलं. स्टीफन्स तेव्हा गोव्यातच होता. म्हणजे ज्यांची पोथी काढून घेतली, त्यांच्याच हातात ही नवी पोथी आली. शास्त्र देणारा हात आणि शास्त्र हिरावणारं राज्य एकमेकांच्या आधाराने उभे होते. आता तिसरा मोह पुन्हा वाचा. सगळी राज्यं मिळतील, फक्त पाया पड. वाळवंटात येशूने जे नाकारलं, तेच हाताशी धरून त्याची गोष्ट साष्टीत पोचली.

पुढे तर १६८४ साली सरकारने लोकांची बोलीच सोडायला सांगितली. तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलावं असा हुकूम निघाला. सत्तेला मधे घेतलं की ती आपल्या सोयीने वागते, हे चर्चलाही कळायला हवं होतं.

कळलं का? उत्तराचा एक तुकडा १२ मार्च २००० चा. त्या दिवशीही उपवासकाळाचा पहिला रविवार होता. सेंट पीटर्समध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाची जाहीर क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली केलेली जबरदस्ती आणि इतर संस्कृती व धर्मांचा अनादर, दोन्ही त्या यादीत होतं. गोव्याचं नाव नव्हतं. तरी दिवसाची निवड मला नेमकी वाटते. उपवासकाळ म्हणजे नुसतं मटण सोडणं नव्हे. आपल्या जुन्या नोंदी उघडून, नको वाटणाऱ्या ओळीही वाचणं म्हणजे उपवासकाळ.

म्हणून ख्रिस्तपुराण फेकून द्यायचं का? मुळीच नाही. स्टीफन्सला ही भाषा मनापासून आवडायची, हे पानोपानी दिसतं. आणि त्या ब्राह्मणाचा अवघड प्रश्न त्याने लपवला नाही, उलट ग्रंथाच्या दारातच ठेवला. चारशे वर्षांनी आपल्याला तो प्रश्न ऐकू येतो, तो त्याच्यामुळेच.

देवनागरीतल्या आवृत्त्या आता उपलब्ध आहेत. एखाद्या वीकेंडला वाचून बघा. भाषा सुरुवातीला जरा अडते, पण मोठ्याने वाचली की चटकन लागते. फक्त मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांवर थांबू नका, तो प्रश्नही वाचा.