१८/५० : फासे, तलवारी आणि बायका

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सहा जण माझ्या कोथरूडच्या फ्लॅटवर जमतो आणि डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांनी हे प्रकरण कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही मोठ्या माणसांची भातुकली आहे. फरक एवढाच की इथे नियमांची जाडजूड पुस्तकं असतात आणि फासे असतात. प्रत्येकाचं एक पात्र. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. एक जण मात्र खेळत नाही, तो खेळवतो. गुहा, राक्षस, गावातला खाणावळवाला, सगळं जग तोच चालवतो. त्याला म्हणायचं डीएम. आमच्याकडे डीएम मी.

त्या शनिवारी मी एक उद्योग केला. या खेळाचं १९७९ सालचं डन्जन मास्टर्स गाइड हाती लागलं होतं. त्यात शहरातल्या रस्त्यावर कोण भेटेल ते ठरवायचे तक्ते आहेत, आणि त्यातला एक तक्ता निव्वळ वेश्यांचे प्रकार ठरवण्यासाठी आहे. शंभराचे फासे टाका, कुठल्या प्रकारची भेटली ते बघा. मला वाटलं, धमाल आहे, वापरू या. वापरला. पोरं हसली. मग एकाच्या पात्राने आमच्या टेबलावरच्या एकुलत्या एका मुलीच्या पात्राला विचारलं, "तू पण यातलीच का?" आणि तिला पटवता येतं का हे बघायला फासे उचलले. तिचं पात्र शहराची पहारेकरी, साडेपाच फुटी तलवारवाली. ती शांतपणे म्हणाली, "मी तलवार काढते."

मी म्हणालो, "अगं जोक आहे, पुढे चल."

ती त्या रात्री शेवटपर्यंत खेळली. पुढच्या शनिवारी तिला काम होतं. त्याच्या पुढच्या शनिवारीही. तिसऱ्या शनिवारी माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आता इंजिनियर माणसाला अपराधी वाटलं की तो माफी मागायच्या आधी रूट कॉज शोधायला बसतो. बग कुठल्या व्हर्जनमध्ये शिरला? कुणी कमिट केला? तर पुढचे दोन-तीन वीकेंड मी हेच खोदत बसलो. जे सापडलं ते इथे मांडतोय.

सुरुवात माझ्या अंदाजापेक्षा फार मागे निघाली. १८२६ च्या जूनमध्ये इंग्लंडात हॉवर्थ गावच्या एका पाद्रीबाबांनी मुलासाठी लाकडी शिपायांची पेटी आणली. मुलाचं नाव ब्रॅनवेल ब्राँटी. पण त्याच्या बहिणींनी पेटीवर झडप घातली. दहा वर्षांच्या शार्लटने एक शिपाई उचलला आणि जाहीर केलं की हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. (हा तोच वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये आपल्या जालन्याजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. जग लहान आहे!) एमिली आणि ॲननेही आपापले शिपाई घेतले. त्या शिपायांतून या भावंडांनी अख्खी राज्यं उभी केली. शार्लट आणि ब्रॅनवेलचं अँग्रिया, एमिली आणि ॲनचं गोंडल. पात्रं, लढाया, फितुरी, इतिहास, सगळं काही. या गोंडलच्या मध्यभागी एक राणी होती.

मला थक्क करणारा भाग पुढे आहे. १८४५ मध्ये एमिली आणि ॲन दोघीच यॉर्कच्या सहलीला गेल्या. वय २६ आणि २५. आणि एमिलीने लिहून ठेवलंय की त्या प्रवासात त्या दोघी गोंडलची पात्रं बनून वावरत होत्या, पुरुष पात्रंसुद्धा. म्हणजे माझ्याच वयाच्या दोन बायका, प्रवासात, कॅरेक्टरमध्ये! दोन वर्षांनी एमिलीची वुदरिंग हाइट्स छापून आली. तेव्हा "बायकांना असल्या खेळात मुळातच रस नसतो" हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं त्यांनी आधी हॉवर्थला जाऊन यावं.

मग बायका बाहेर कधी पडल्या? तर हेच शिपाई पुढे वॉरगेमवाल्यांच्या हाती गेले. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचं नियमपुस्तक लिहिलं, लिटल वॉर्स. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात बारा ते दीडशे वर्षांच्या मुलांना आमंत्रण आहे आणि शेपटाला मुलींचाही उल्लेख आहे, पण फक्त त्यातल्या हुशार, मुलांचे खेळ आवडणाऱ्या मुलींचा. दार बंद नाही, किलकिलं आहे. आत यायचं तर मुलांसारखं होऊन या.

अमेरिकेत १९६० च्या दशकात गॅरी गायगॅक्स नावाचा गृहस्थ याच छंदाने झपाटलेला होता. इतका की बायको मेरीला संशय आला, याचं बाहेर काहीतरी आहे. ती एकदा माग काढत मित्राच्या तळघरात पोचली, तर हे सगळे बाप्ये नकाशांवर वाकून बसलेले! किस्सा विनोदी आहे, पण बाई त्या खोलीत येते ती चौकशी करायला, खेळायला नाही, हेही त्यातच आलं.

मजा अशी की १९७२ मध्ये गायगॅक्सने आपली पहिली गुहा रचली तेव्हा पहिले खेळाडू होते त्याची दोन मुलं, अर्नी आणि एलीस. म्हणजे पहिल्या टेबलावर निम्मे खेळाडू मुलगी. पण १९७४ मध्ये त्याने आणि डेव्ह आर्नसनने खेळ छापला तो वॉरगेमवाल्यांच्या बाजारासाठी. पहिली आवृत्ती एक हजार पेट्या. पहिल्या पुस्तिकेचं नाव मेन अँड मॅजिक, लढवय्यांच्या वर्गाचं नाव फायटिंग मेन. डिफॉल्ट व्हॅल्यू सेट झाली ती इथे.

पुढच्याच वर्षी, जून १९७५ मध्ये, लॉस एंजलिसच्या ली गोल्डने अलारम्स अँड एक्सकर्शन्स सुरू केलं. प्रत्येकाने आपापली पानं लिहून पाठवायची, ही बाई सगळी एकत्र करून परत सगळ्यांना टपालाने पाठवणार. नियम कसे हवेत, मोहीम कशी चालवावी यावरचे वाद तिथे रंगत. ते तिने जवळजवळ पन्नास वर्षं, २०२५ पर्यंत चालवलं. या छंदाला आपसात बोलायची जागा दिली ती एका बाईने, पण दंतकथा तळघरातल्या पुरुषांच्याच झाल्या.

आता माझ्या बगकडे येतो. ऑक्टोबर १९७६, द ड्रॅगन मासिकाचा तिसरा अंक. लेन लाकोफ्का या लेखकाने बायकांना खेळात आणण्यासाठी खास नियम लिहिले. हेतू चांगला, हे लक्षात घ्या! पण नियम काय? पुरुष पात्राची ताकद सहा बाजूंच्या तीन फाशांवर, म्हणजे जास्तीत जास्त १८. बाईची एक आठ बाजूंचा आणि एक सहा बाजूंचा फासा टाकून, म्हणजे फार तर १४. करिश्म्याच्या जागी सौंदर्य. आणि सौंदर्य जास्त असेल तर पुरुषांना भुरळ घालायचे मंत्र. तलवार काढून घेतली आणि हातात आरसा दिला.

हे झालं मासिकातलं. अधिकृत पुस्तक आलं १९७८ मध्ये. त्यात १८ ताकद असलेल्या लढवय्याला आणखी शंभराचे फासे टाकायला मिळतात. माणूसजातीचा पुरुष १८/१०० पर्यंत जाऊ शकतो, बाई १८/५० वर अडते. मी गणित करून पाहिलं. तीन फासे सरळ टाकले तर १८ पडायची शक्यता २१६ त एक. त्यानंतर पन्नासच्या वर पडायची शक्यता निम्मी. म्हणजे ४३२ लढवय्या बायकांमागे एकीला हा नियम आडवा येणार! कोड रिव्ह्यूमध्ये कुणी असली ओळ टाकली तर मी विचारेन, बाबा रे, ही कंडिशन कधी लागणार? काढून टाक. पण ती काढली नाही. आगीचे गोळे चालतात, उडणारे ड्रॅगन चालतात, फक्त बाईच्या दंडाशी आलं की वास्तव आठवतं. जी मुलगी पहिल्यांदा पुस्तक उघडायची तिला फासे टाकायच्या आधीच कळायचं की इथे आपल्यासाठी वेगळी रेघ आखून ठेवली आहे. नियमाचं काम तेवढंच होतं. माझा तो वेश्यांचा तक्ता लगेच पुढच्या वर्षीचा.

त्याच १९७९ मध्ये गायगॅक्सच्या टीएसआर कंपनीच्या डिझाइन विभागात पहिली बाई आली, जीन वेल्स. (एच. जी.शी नातं नाही.) वाचकांच्या नियमांविषयीच्या शंकांना उत्तरं देणारं सेज ॲडव्हाइस हे सदर तिने सुरुवातीला चालवलं. जुलै १९८० मध्ये तिने किम मोहनबरोबर बायकांच्या समानतेवर लेख लिहिला. टेबलावर खेळाडू बायकांना काय अनुभव येतात, स्त्री पात्रांना कसं वागवतात, बाजारात मिळणाऱ्या स्त्री योद्ध्यांच्या धातूच्या मूर्तींना कपडे इतके कमी का... हे सगळं १९८० मध्ये छापून आलेलं आहे. मी वाचलं तेव्हा कान गरम झाले. माझा शनिवार तिने माझ्या जन्माच्या कितीतरी आधी लिहून ठेवला होता.

वेल्सची पुढची गोष्ट सरळ नाही. तिने लिहिलेलं पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस १९८१ मध्ये नारिंगी मुखपृष्ठासह छापून तयार झालं आणि आतल्या चित्रांवर वरिष्ठांचा आक्षेप आल्याने मागे घेतलं गेलं. बहुतेक प्रती नष्ट झाल्या. ज्या चित्राची सर्वात जास्त चर्चा होते त्यात स्वतःच्याच केसांनी बांधलेली एक बाई आहे. ती गोष्टीत मुळात राक्षसाने दाखवलेला आभास असते. आणि ते चित्र काढणारीही बाईच, लॉरा रोझलॉफ. मग टॉम मोल्डवेने सगळं नव्याने लिहिलं, हिरव्या मुखपृष्ठाची आवृत्ती निघाली, दोघांच्या नावाने. यात "वाईट पुरुष, चांगल्या बायका" असा सोपा हिशेब बसत नाही. वेश्यांचा तक्ता पुस्तकात राहतो आणि विभागातल्या पहिल्या बाईचं पहिलं मोठं काम कचऱ्यात जातं, एवढंच दिसतं.

बाकीचं भराभर सांगतो. रेव्हनलॉफ्ट (१९८३), ज्याला आजही लोक हात जोडतात, ते लॉरा आणि ट्रेसी हिकमन या नवराबायकोचं, छापायच्या आधी घरीच हॅलोविनला खेळवलेलं. मार्गारेट वाइसने ट्रेसीबरोबर १९८४ पासून ड्रॅगनलान्सच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यातली लाडावलेली राजकन्या लॉराना शेवटी सेनापती झाली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाईच्या ताकदीची रेघ पुसली गेली, मात्र "तो" हेच सर्वनाम का वापरलंय याचा खुलासा छापला. १९९१ मध्ये व्हँपायर: द मास्करेड आला. त्याने पुस्तकभर "ती" वापरलं, ताकदीपेक्षा नात्यांना आणि कारस्थानांना महत्त्व दिलं, आणि बायका मोठ्या संख्येने टेबलावर आल्या. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत काही वर्गांसाठी "तो", काहींसाठी "ती". २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तर स्पष्टच लिहिलं की पात्राच्या लिंगाने नियमांत काही फायदा-तोटा होत नाही.

हे "तो-ती" वाचताना मला आमचं टेबल आठवलं. इंग्रजीत "मी दार उघडते" आणि "उघडतो" एकच. मराठीत लपायला जागाच नाही, क्रियापदच चुगली करतं. आमच्यातला एक दणकट गडी मध्यंतरी एक जादूगारीण खेळत होता. पहिल्यांदा "मी आत जाते" म्हणाला आणि सगळे फुटले. मग तो दर वाक्याला आवाज नाजूक करायला लागला, हसे मिळवायला. बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या भाषेत आम्हाला एक "जाते" साधं म्हणता येईना. आणि आमची पहारेकरी मात्र पहिल्या दिवसापासून "काढते, मारते, थांबवते" असं नुसतं म्हणत होती. तिच्यासाठी तो अभिनय नव्हता, खेळ होता. तिचं क्रियापद जोक नाही हे फक्त आम्हाला कळत नव्हतं.

असो. एवढं सगळं खोदून झाल्यावर मी तिला चहाला बोलावलं आणि हे सारं सांगितलं. १९७६, १९७८, तक्ता, ४३२. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझा तक्ता जुना होता हे ठीक आहे रे. पण मी तलवार काढली तेव्हा तू पुढे चल म्हणालास. ते कुठल्या पुस्तकात होतं?"

नव्हतं. त्या पुस्तकांतला एकही नियम डीएमला बांधून ठेवत नाही, शेवटचा शब्द त्याचाच. त्या क्षणी तो शब्द माझ्याकडे होता. मी "सॉरी" म्हणालो, कित्येक आठवडे उशिरा.

ती शनिवारी परत आली नाही. तिने रविवारचं स्वतःचं टेबल सुरू केलंय, चार मैत्रिणी आणि एकीचा नवरा. डीएम ती. माझ्याकडे फाशांचा एक जास्तीचा संच होता तो मागून घेऊन गेली. मी जाता जाता विचारलं, एक जागा आहे का?

"बघू," म्हणाली.

सध्या मी "मी आत जाते" हे वाक्य न हसता म्हणायचा सराव करतोय.